सहाशे बारा बटणांचे पत्ते

बाईंच्या दुकानात बटणांखेरीज दुसरं काही मिळत नसे, आणि मिळत नाही असं बटण नसे. एकच लांबट खोली, तिच्या तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, सहाशेच्या वर, आणि एकाही खणावर चिठ्ठी नाही. शिंगाची कुठे, शिंपल्याची कुठे, मागे कडी असलेली पितळी कुठे, हे फक्त बाईंच्या डोक्यात. गिऱ्हाइकानं कोट पुढे करायचा, बाईंनी उरलेल्या बटणाची जाडी बोटाच्या पेरानं चाचपायची आणि शिडी कुठे लावायची ते नोकराला नजरेनं सांगायचं. दोन इयत्तांपुढे त्या शिकल्या नव्हत्या. सही करायला बसल्या की समोरच्यानं जांभई देऊन घ्यावी. "लिहून कोण ठेवतं? ज्याच्या डोक्यात राहत नाही तो," असं म्हणत, आणि म्हणताना खोलीत जो शिकलेला असेल त्याच्याकडे बघत.

दुकानाचा एक रिवाज होता, त्यांनीच घातलेला. कुणी काम सोडून गेलं की दुसऱ्या दिवशी दुकान बंद. दार आतून लावून बाई खणांचा क्रम बदलत. वरचे खाली, डावीकडचे खिडकीकडे. गेलेला माणूस उद्या समोर दुकान थाटून बसला तरी त्याच्या डोक्यात राहणार ते कालचं दुकान. झाकली मूठ सव्वा लाखाची. चाळीस वर्षांत सतरा नोकर गेले, सतरा वेळा क्रम बदलला, आणि गिऱ्हाइकाला कधी काही कळलं नाही. कळणार कसं? गिऱ्हाईक खणापाशी थोडंच येतं, ते येतं बाईंपाशी.

थोरला मुलगा तापाचं निमित्त होऊन गेला, मागे सून राहिली. तोंडानं गरीब, हातानं चलाख. दुपारच्या रिकाम्या वेळात तिनं दुकानाची वेबसाइट केली. एका बटणाला एक पान, एका पानाला एक आकडा, तोच त्याचा पत्ता. पानावर बटणाचा फोटो, भोकं किती, रुंदी किती, कुठल्या तऱ्हेच्या कोटावर येत असे, शिवायला दोरा कुठला घ्यावा. चार वर्षांत अशी सहाशे बारा पानं झाली. मग नाटकाचे कपडे शिवणारे, संग्रहालयात जुने झगे सांभाळणारे, गणवेश जमवायचं वेड असलेले, असे लोक आपापल्या वेबसाइटवर लिहू लागले की हे बटण हवं तर इथे बघा, आणि खाली त्या त्या पानाची लिंक देऊ लागले. इतक्या जणांनी बोट दाखवल्यावर सर्चनंही तिकडेच बोट दाखवलं. जगात कुणीही हरवलेलं बटण शोधायला बसावं आणि पहिलं नाव या दुकानाचं यावं.

पहिला नंबर बाईंना आवडला. आल्यागेल्याला ऐकवत. खुपलं ते एकच. दुकानाला रोज पत्रं येत, आणि सगळी 'बटणताईं'ना असत. ते नाव लोकांनीच सुनेला ठेवलं होतं.

एके दिवशी नाटकाचे कपडे शिवणारी एक वयस्क शिंपीण लांबून आली. तिच्या कोटाचं धुरकट शिंगाचं बटण गेलं होतं. बाईंनी चाचपलं, वर बोट केलं. नोकर शिडीवर चढला, खण उघडला, आत हाडाची बटणं. बाईंनी शेजारचा दाखवला. त्यात पितळी. तिसरा खण उघडला तर झबल्यांना लावायची बदकाच्या आकाराची बटणं निघाली, पिवळीधमक. कोपऱ्यात बसलेली सून मान वर न करता हळूच म्हणाली, आई, खिडकीकडचा, खालून चौथा. तिथेच होतं. शिंपीण हसून म्हणाली, "तरीच. मी आले होते ती बटणताईंनाच विचारायला."

शिंपीण गेली, पण बाईंच्या छातीत ते वाक्य घर करून बसलं. वाक्यापेक्षाही ती बदकं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं त्या रात्रभर मनात म्हणत राहिल्या, म्हणजे बदकांचा विचार करायला नको.

सकाळी त्यांनी सुनेला समोर उभं केलं. म्हणाल्या, "माझा मुलगा होता तोवर तू या घरातली होतीस. आता तुझं इथे काय आहे? भावाला बोलावून घे."

सुनेनं फक्त आपली वही मागितली. जाड पुठ्ठ्याची वही, कुठल्या आकड्याच्या पानावर कुठलं बटण ते सगळं तिच्यात लिहिलेलं. बाई म्हणाल्या, दुकानात लिहिलेली वही दुकानाची. मग वहीची पानं टराटरा फाडून त्यांनी सुनेपुढेच टाकली आणि भाऊ येईपर्यंत तिला बटणं बांधायच्या पुड्या करायला बसवलं. रिकामे हात कशाला? साठ-सत्तर पुड्या सुनेनं वळल्या. बाई मधूनमधून एक पुडी उचलून उजेडाकडे धरत. "नीट होतायत ना गं? जाड कागद आहे, छान बसतोय."

भाऊ आला. उंबऱ्यात सून थांबली.

"आई, एक सांगते. पानांचे पत्ते बदलू नका. बदललेच तर जुन्या पत्त्यावर नव्याची पाटी लावा. तिथे लोक थेट खणापाशी येतात, तुमच्यापाशी नाही येत."

बाईंनी शेवटचं तेवढं ऐकलं.

रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुकान बंद राहिलं. खण हलले. आणि अठराव्या खेपेला बाईंनी धाकट्या मुलाला सांगितलं की वेबसाइटचेही आकडे असेच हलव. जुना एकही ठेवू नकोस. धाकटा चाचरत म्हणाला, "आई, पण वहिनी म्हणत होती की—"

"ती म्हणत होती म्हणूनच."

तीन दिवस बाई खुर्चीत बसून तोंडाला येईल तो आकडा सांगत होत्या आणि धाकटा पुसून नवा घालत होता. संपल्यावर त्यानं कुणाच्या तरी वेबसाइटवरची जुनी लिंक दाबून बघितली. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ आली. बाईंनी वाचायला लावली.

"तुम्ही शोधत असलेलं पान इथे नाही."

"परत वाच."

त्यानं परत वाचलं. बाईंनी त्या दिवशी चहा दोनदा घेतला.

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात पत्रं निम्म्यावर आली. महिन्यानं टपालवाला दारावरून नुसताच मान हलवून जाऊ लागला. धाकटा आईला समजावून सांगे. सर्चचा एक फिरता पहारेकरी असतो, माणूस नव्हे, यंत्रच. ते दारोदार हिंडतं. बाहेरून हजार वाटा आपल्या दाराशी येत होत्या, म्हणून त्याला आपण मोठे वाटत होतो. आता त्या सगळ्या वाटा भिंतीवर येऊन आपटतात. आलेलं माणूस दोन क्षण बघतं आणि परत फिरतं. ज्या दाराला रोज कुलूप, त्या घराचं नाव कोण कुणाला सांगेल? नवी पानं आहेत, पण त्यांना ओळखतंय कोण? त्यांच्याकडे एकानंही बोट दाखवलेलं नाही.

"मग कितवा नंबर?" बाई विचारत. चौथा. नववा. मग एक दिवस तो म्हणाला, आई, आता सर्चच्या दुसऱ्या पानावर. तिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

शिंपिणीनं आपल्या वेबसाइटवर लिहिलं की ते बटणांचं दुकान बंद झालेलं दिसतं, आणि आपल्याकडच्या साऱ्या लिंका काढून टाकल्या. तिचं बघून इतरांनी काढल्या. एका दुपारी फोन वाजला तो बाईंनी स्वतः घेतला. पलीकडचा गृहस्थ हळहळत म्हणाला, दुकानवाल्या बाई गेल्या म्हणे, फार वाईट झालं.

"मीच बोलतेय," बाई म्हणाल्या.

गृहस्थ म्हणाला, बरं बरं, पण बटणताईंचा पत्ता मिळेल का?

धाकट्यानं एक जाणकार बोलावला. त्यानं तासभर डोकं घातलं आणि सांगितलं की दुखणं बरं होण्यातलं आहे. लोक कुठल्या जुन्या आकड्यांवर येऊन परत जातात, त्याची यादी निघते. प्रत्येकावर पाटी लावायची की बाबा रे, इथलं आता तिथे आहे. हळूहळू नंबर वर येईल. साठ-सत्तर पानांच्या जुन्या नकला बाहेर सापडल्या, तेवढी जुळली. "पण बाकी राहिलेलं? चारशे सतरा म्हणजे कुठलं बटण, ते मला कोण सांगणार? कुठे लिहिलेलं नाही का?"

धाकट्यानं गल्ल्याशेजारच्या तारेकडे पाहिलं. तिथे दोन पुड्या अजून अडकवलेल्या होत्या. एकीवर सुनेच्या अक्षरात अर्धी ओळ होती: '…चार भोकं, काठ उंच'. आकडा फाटून गेलेला. बाकीच्या गिऱ्हाइकांबरोबर कधीच गेल्या होत्या.

दुकान राहतं की जातं, आता एकट्या सुनेच्या हातात होतं. बाई तिच्याकडे निघाल्या. मागायला जात नाही, हुकूम करायला जातेय, असं धाकट्याला रस्त्यात दोनदा सांगितलं.

सून एका धुलाईच्या दुकानावरच्या खोलीत राहत होती. धुऊन आलेल्या कपड्यांची निखळलेली बटणं शिवून द्यायची, हे तिचं काम. खाली यंत्रांची घरघर, वर वाफेचा वास, टेबलावर शर्टांचा ढीग. बाई दोन जिने चढून धापा टाकत होत्या. सुनेनं खुर्ची दिली, पाणी दिलं. धाकटा दाराशीच थांबला.

"ते आकडे लिहून दे," बाई म्हणाल्या. "दुकानाचे आहेत."

"देईन की. सहाशे बाराही तोंडपाठ आहेत." सुनेनं दात लावून दोरा तोडला. "आधी तुम्ही खणांचा क्रम सांगा. तुम्ही सांगा, मी लिहिते. मग मी सांगते, भावोजी लिहितील."

बाईंना वाटलं, थोबाडीत द्यावी. चाळीस वर्षांची मूठ हिच्यापुढे उघडायची. पण खाली टपालवाल्याची घंटा वाजली, आणि तो या खोलीकडे येत होता, हातात पत्रांचा गठ्ठा घेऊन. धाकट्यानं तो घेतला. सगळी बटणताईंना. बाईंनी डोळे मिटले.

"लिही. दाराकडून पहिली रांग. वरून पहिला, हाडाची, लहान. दुसरा, हाडाची, मोठी. तिसरा…"

सून लिहीत राहिली. बाईंचा आवाज आधी खणखणीत होता. दुसऱ्या रांगेत तो जरा थांबत थांबत येऊ लागला. तिसऱ्या रांगेत त्यांनी शिंपल्याची घातली, मग पुसायला सांगितली, मग पुन्हा तिथेच घातली. कपाळावर घाम आला तो वाफेचा म्हणून पुसला. आता त्या आठवून सांगत नव्हत्या, जुळवून सांगत होत्या. सुनेची लेखणी मात्र कुठे अडली नाही. चौथी रांग झाल्यावर तिनं कागद खाली ठेवला.

"आई, शिंपल्याची घातलीत, पुसलीत, परत घातलीत. हे आठवणं नव्हे. तीन वर्षं तुम्ही बटणं भलत्याच खणात टाकता. संध्याकाळी तुम्ही घरी गेल्यावर मी ती परत जागेवर ठेवायचे. नवा क्रम मला माहीत नाही, पण तो तुम्हालाही माहीत नाही."

दाराशी धाकट्यानं मान खाली घातली.

"माहीत होतं तर विचारलंस कशाला?" बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

सुनेनं तो लिहिलेला कागद उचलला, निवांत बोटांनी त्याची पुडी वळली, टेबलावरची दोनचार तुटकी बटणं तिच्यात टाकली आणि बाईंच्या मांडीवर ठेवली.

"नीट झालीये ना? कागद जरा पातळ आहे."

मग ती धाकट्याकडे वळली. आकडे देते म्हणाली, पण दिरांना देते, आईंना नाही. अट एकच. प्रत्येक खणावर चिठ्ठी लागेल, ठळक अक्षरात, आणि क्रम पुन्हा कधी हलणार नाही. धाकट्यानं आईकडे न बघता हो म्हटलं.

पाटी लावायचं काम दोन महिने चाललं. शिंपिणीनं लिंका परत घातल्या, तिचं बघून इतरांनी. सर्चच्या दुसऱ्या पानावरून दुकान नवव्या नंबरावर आलं, मग पाचव्या. पत्रं वाढली. त्यांची उत्तरं वरच्या खोलीतून जात, आणि बटणं दुकानातून. धाकटा सुनेशी रोज फोनवर बोलत असे आणि बोलताना बाहेर जाऊन उभा राही.

खणांवर चिठ्ठ्या लागल्या. सहाशेच्या वर पांढरे चौकोन, वर काळी अक्षरं. कालच कामाला लागलेला नोकर शिडी न विचारता लावू लागला. बाई आपल्या खुर्चीत बसत, भिंतीकडे बघत. दोन इयत्तांच्या बळावर त्यांना एखादं अक्षर लागे, शब्द लागत नसे. लागेपर्यंत खण उघडून मिटलेला असे.

एकदा नोकर जेवायला गेला होता आणि धाकटा टपाल टाकायला गेला होता. एक तरुण आत आला, हातात कोट. बाई ताठ झाल्या. किती दिवसांनी दुकानात त्या एकट्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, बोटाचं पेर चाचपायला सरसावलं.

तरुणानं भिंतीवरून एकदा नजर फिरवली, दोन पावलं चालून गेला, खिडकीकडचा एक खण ओढला आणि हवं ते बटण काढून घेतलं.

"बसा, आजी, उठू नका," तो म्हणाला. "मला वाचता येतं."