डोळ्याला लागलेला टिळा

दचकू नका. इथं माणूस कोणी नाही. मान जरा वर करा, सागाच्या शेंड्यांच्याही वर. दिसलो? तो उंच, किडकिडीत, लोखंडी मनोरा म्हणजे मी. बोलतोय तोही मीच.

मारेगावकडून येणारे लोक मला लांबून पाहतात आणि म्हणतात, "टावर झाला वाटते! आता रेंज येईन." मग फोन वर धरून रस्त्यावर गोल गोल फिरतात. रेंज काही येत नाही, आणि शिव्या मात्र मला! अहो, मी त्यातला नव्हेच. ते टॉवर माणसांची बडबड वाहून नेतात. मी जंगलाचा श्वास मोजतो. हे सांगताना माझी छाती फुगते. लोखंडाला छाती नसते म्हणता? मग काय फुगतं ते तुम्हीच सांगा.

कारखान्यात मी सुट्या तुकड्यांत जन्मलो. ट्रकनं रस्ता संपेपर्यंत आणलं आणि पुढं नानाजीच्या बैलगाडीनं. नानाजीचं कपाशी-तुरीचं वावर जंगलाला लागूनच आहे, म्हणून माझी देखभाल त्याच्याकडे आली. सोलरच्या पाट्या ओल्या फडक्यानं पुसायच्या, वानरं माझ्या तारांवर झोके घेऊ लागली की हाकलायची, आणि कंबरेला पट्टा बांधून वर चढून कोळ्याची जाळी काढायची. बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी तो येताजाता मला थाप मारतो. मला आवडतं ते.

मला इथं उभं केलं प्राचीनं. ही यवतमाळची. घरात आजोबांपासून सगळे कचेरीत नाहीतर कोर्टात, आणि ही एकटी जंगलात! तिला एकच प्रश्न पडला होता. हे आपलं सागाचं कोरडं जंगल वर्षभरात हवेतला कार्बन जास्त घेतं, की जास्त सोडतं? हे आजवर इथं कोणी मोजलंच नव्हतं.

मोजायचं कसं, तेही सांगतो. माझ्या डोक्यावरून एक लोखंडी हात बाहेर काढलाय. त्यावर एक कान आणि एक डोळा. कान म्हणजे चिमट्यांच्या तीन जोड्या. त्या एकमेकींकडे तुम्हाला ऐकू न येणारा आवाज फेकतात, आणि वारा त्याला कसा ढकलतो त्यावरून वारा वर चालला की खाली ते कळतं. डोळा म्हणजे समोरासमोर बसवलेल्या दोन काचा. मधल्या हवेत कार्बन किती आणि पाण्याची वाफ किती, ते त्या हेरतात.

तुम्हाला वाटतं वारा सरळ वाहतो. छे! जंगलावरचा वारा गिरक्या घेत येतो. एक गिरकी खाली उतरते, दुसरी वर चढते. आठवडी बाजाराच्या तोंडाशी उभं राहिलं की आत जाणाऱ्याच्या थैलीत काय होतं आणि बाहेर येणाऱ्याच्या थैलीत काय आहे ते दिसतं ना, तसंच माझं काम. फक्त तुमची पापणी लवेपर्यंत माझं कितीदा तरी बघून झालेलं असतं.

पहिली सकाळ मी विसरणार नाही. पोळा नुकताच होऊन गेला होता. रात्रभर झाडं आणि माती कार्बन सोडत होती, मी मुकाट्यानं मोजत होतो. मग ऊन शेंड्यांना लागलं. सागाचं पान केवढं, त्यावर जेवण वाढावं एवढं! अशा लाखो पानांनी आपली बारीक बारीक तोंडं उघडली, आणि खाली जाणारा कार्बन वर येईचना. जंगल तो गिळत होतं. त्याच वेळी मुळांतलं पाणी शेंड्यापर्यंत चढून वाफ होऊन आभाळात चाललं होतं. नानाजीच्या विहिरीवर मोटर लावली की केवढी घरघर होते. इथं अख्ख्या जंगलाचं पाणी वर चढत होतं आणि आवाज म्हणाल तर कुठंच नाही.

बाप रे! मी थक्क झालो. रोज होतो, अजूनही.

पण प्राचीच्या संशोधन संस्थेतले मोठे सर, अनंत सर, थक्क व्हायला तयार नव्हते. मला उभारायला परवानगी त्यांनीच दिली, तीही कुरकुरत. "सहा महिने उघडंबोडकं राहणारं जंगल हे. याचं काय मोजायचं?" त्यांनी अट घातली. पानं भरात असतानाच्या दिवसांत मोजमापात खंड पडला, तर मनोरा उतरवून सह्याद्रीतल्या दाट रानात न्यायचा. म्हणजे प्राचीचा प्रश्न इथंच गुंडाळायचा. दसरा झाल्यावर ते स्वतः पाहायला येणार होते.

आणि आला दसरा. आपल्याकडे त्या दिवशी औताला, ट्रॅक्टरला, शिलाई मशीनला, ऑफिसातल्या कॉम्प्युटरलासुद्धा हळदकुंकू लागतं. मग मलाच का वगळायचं? प्राचीच्या आईनं बजावून पाठवलं होतं. प्राचीनं माझ्या पायाशी नारळ फोडला, खालच्या खांबाला टिळा लावला, झेंडूचा हार बांधला आणि संध्याकाळी घरी गेली. एवढ्यानं माझं काही बिघडलं नव्हतं.

नानाजीला मात्र चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तो हाराकडे बघत उभा राहिला. "पायाले हार? देवाच्या कोनी पायाले हार घालते काय?" असं म्हणत त्यानं पट्टा बांधला, हार गळ्यात अडकवला आणि वर चढला. हार माझ्या कानात गुंतवला. मग डोळ्याच्या खालच्या काचेवर ठसठशीत कुंकू लावलं, डोळे मिटून हात जोडले आणि समाधानानं खाली उतरला.

मी आतून किती ओरडलो! पण नानाजीला ते ऐकू कुठलं जायला? वारा हाराला आपटून भलतीकडे वळू लागला. काचेतून सगळं तांबडं, धुरकट. मी अंदाधुंद आकडे टाकत राहिलो. इतक्या प्रेमानं मला कोणी आंधळं केलं नव्हतं.

इथं रेंज नाही, त्यामुळे यवतमाळला प्राचीला काही पत्ता नाही. ती आली ती सर यायच्या दिवशीच. लॅपटॉप जोडला आणि तिचे डोळे विस्फारले. "अगं बाई! भर दुपारी, हिरवंगार जंगल कार्बन सोडतंय?" क्षणभर तिचा चेहरा असा उजळला, जणू आपण काहीतरी जगावेगळं शोधलं! मग तिनं भुवया आवळल्या, वर पाहिलं, आणि तिला सुकलेला झेंडू दिसला.

"नानाजी! वरच्या काचांना हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"हव ताई, म्हनूनच हात नाई लावला. झेंडूच्या दांडीनं टिळा लावला." नानाजीचा चेहरा हळूहळू उतरला. "काहून? काही चुकलं काय?"

प्राचीनं लॅपटॉप मिटला. तेवढ्यात सरांची गाडी बैलगाडीच्या वाटेनं हेलकावत आलीच. तिनं काही लपवलं नाही. "सर, खंड पडलाय. पूजा मी सुरू केली, चूक माझी आहे."

"ताईचं काही नाई साहेब, टिळा म्या लावला," नानाजी पुढं झाला.

सरांचा आवाज चढला. "पूजा? मोजमापाच्या यंत्राची? अरे, तुम्ही शिकलेली माणसं..."

नानाजीची बायको तानाबाई वावरातून डबा घेऊन आली होती. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "पन साहेब, हार त तुमच्या गाडीलेबी हाय."

सगळे वळले. गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढच्या जाळीत अडकलेला झेंडूचा सुकलेला हार, खाली लिंबू. सरांनी जाऊन गाडीची पुढची काच निरखली.

"मी काचेवर नाही लावलं," ते शेवटी पुटपुटले. मग त्यांनाच हसू फुटलं. तानाबाई नवऱ्याला म्हणाली, "लोखंडाले एवढ्या भक्तीनं टिळा लावला, मले त कदी साधं फूल नाई आनलं बापा."

नुकसान बघतो म्हणून सर स्वतः पट्टा बांधून वर चढले, मागोमाग प्राची. तिनं हार सोडवला आणि मऊ फडक्यानं काच पुसली. मला दिसायला लागलं! आणि सरांनाही. त्यांनी हे जंगल आजवर खालूनच पाहिलं होतं. वरून ते टेकड्यांमागून टेकड्या ओलांडत गेलेलं, सागाच्या तुऱ्यांनी पांढुरकं झालेलं, उन्हात पसरलेलं. थोड्या वेळानं प्राचीनं माझ्या तारेला फोन जोडून त्यावर नवे आकडे दाखवले. कार्बन खाली, पाणी वर.

"हे सगळं आत्ता चाललंय?" सरांनी विचारलं.

"हो सर. आपण बोलतोय तेव्हाही."

प्राची धीर करून म्हणाली, "सहा महिने उघडं राहतं, म्हणूनच तर मोजायला हवं. उरलेल्या सहा महिन्यांत ते काय करतं बघा ना."

खाली उतरल्यावर सरांनी एवढंच सांगितलं, "पुढच्या दसऱ्यापर्यंत. पण आता खंड नको."

ते वर्ष मी डोळ्यात तेल घालून काढलं. पानं झडली. उन्हाळ्यात उघड्या जंगलानं श्वास सोडला, सोडतच राहिलं, आणि प्राचीचं तोंड एवढंसं झालं. नानाजी रोज विचारायचा, "आज घेतलं काय त्यानं?" ती नकाराची मान हलवायची. मग पावसाळ्यात पानं परतली आणि जंगल असं खायला बसलं, काय सांगू! उपाशी माणूस पंगतीत बसावा तसं.

काल वर्ष भरलं. हिशेब लागला. जंगलानं सोडलं त्याहून जास्त घेतलंय. थोडंच, पण घेतलंय. सरांनी कळवलं, मनोरा तिथंच राहू द्या. प्राची रडली, हसली, पुन्हा रडली. मीही रडलो असतो, पण गंजायची भीती.

आज दसरा. हार माझ्या पायाशीच आहे. सकाळी नानाजी प्राचीबरोबर वर आला, रिकाम्या हातांनी. "ताई, हे सगळं हवा साफ करून राह्यलं, अन् मी टिळा कोनाले लावला?" असं म्हणून त्यानं माझ्याकडे सरळ पाठ फिरवली आणि पसरलेल्या जंगलाला हात जोडले.

त्याचा उसासा वाऱ्यानं माझ्या डोळ्यासमोरून नेला. कार्बनचा एक छोटासा ठिपका. पुढची गिरकी तो घेऊन खाली पानांत उतरली आणि रिकामी परत आली.

तुम्हीही कधी आलात तर मला हार घालू नका. माझ्याकडे पाठ करून उभे राहा, आणि एक श्वास सोडा.