लग्नाआधी खिडकी

सोमवारी सकाळी आठ वाजता जुन्या खिडकीला छिन्नी लागायची होती. आठ वाजले तेव्हा हरी गवंडी छिन्नी गोणपाटात गुंडाळून पायरीवर बसून होता.

"वैनी, देवानं नको म्हटलंय म्हणे," तो म्हणाला. "पांडुरंगशेठ काल पेडण्याच्या बाजारात भेटले, त्यांनीच सांगितलं. देवाचं मोडून मी भिंतीला हात लावणार नाय. माझीबी पोरंबाळं हायत."

हरी बेळगावकडचा. त्याच्या शेजारी मंगेश, त्याचा कारापूरला खिडक्यांचा कारखाना. तो मापाची टेप उघडत होता आणि सोडत होता. पांडुरंग म्हणजे माझे थोरले दीर. ते पेडण्याला राहतात, पण मांद्र्याचं हे घर दोघा भावांचं, आणि घरात मोठ्याचा शब्द चालतो.

"मंगेश, तुझं काय?" मी विचारलं.

"माझं काय वयनी, मी काचवाला. भिंत फुटल्याशिवाय माझा गणपती बसत नाही."

मी आत गेले. देवापुढचा दिवा शांत होता. पलीकडच्या खोलीत हे खाटेवर पडून खिडकीकडे बघत होते. त्या खिडकीबद्दल आधी सांगायला हवं.

पक्षाघातानंतर ह्यांची उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. घरात पायरी नसलेली, न्हाणीला लागून असलेली अशी ही एकच खोली, म्हणून खाट इथे. खिडकी पश्चिमेला, समुद्राच्या तोंडावर. तौक्ते वादळ आलं त्या दिवशी मी बाजूच्या खोलीत जपाला बसले होते. रोज एकशेआठ, आणि मध्ये उठायचं नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. मोठा आवाज झाला. मला वाटलं, माड पडला. मी डोळे मिटून उरलेले मणी पुरे केले. आत आले तेव्हा चौकटीसकट खिडकी खाटेवर होती. ह्यांच्या अंगावर, उशीवर, तोंडापाशी काचा. ओरडायला गेले असते तर काच तोंडात गेली असती, म्हणून हे ओठ घट्ट मिटून पडले होते. कपाळावरचा व्रण अजून आहे. मला एका शब्दाने कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझा पाट ह्यांच्या खाटेजवळ असतो. तीच चौकट पुन्हा बसवून, खिडकीला नुसती फळी मारून आम्ही दिवस काढले. त्यात हे पुन्हा आजारी पडले, मग छप्पर दुरुस्तीला काढलं. यंदा मी ठरवलं की वादळाला पुरून उरेल अशीच खिडकी बसवायची. दोन काचांच्या मध्ये पातळ पडदा असतो. काच तडकली तरी तुकडे अंगावर येत नाहीत.

व्रताचं उद्यापन ठरवताना आपण शेवटच्या दिवसापासून मागे मोजत येतो. मी कॅलेंडर पुढ्यात घेऊन तसंच मोजलं. मेच्या मध्यावर वारा फिरतो, त्याआधी खिडकी हवी. काच तयार व्हायला चार-पाच आठवडे. पण मंगेशने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वयनी, माप आत्ता घेऊन काम भागायचं नाही. तुमच्या भिंती चिऱ्याच्या. चिरा मऊ, त्यात बोल्ट धरत नाही. जुनी चौकट काढून भोवती काँक्रीटचा पट्टा ओतायचा. एकवीस दिवस त्याला पाणी मारायचं. मग माप, मग काच." त्यात मार्चमध्ये शिगमो, हरी आणि त्याची माणसं आठवडाभर गावी जाणार. सात मेला माझ्या पुतण्याचं, निहारचं लग्न ह्याच घरात. मांडव उभा राहिला की पुढे सत्यनारायण होईपर्यंत घरात ठोकठोक करायची नाही. हे सगळं मागे मोजत आणलं तर फेब्रुवारीचा शेवटचा सोमवार हाती लागला. तो चुकला तर काच लग्नात अडकणार आणि खिडकी पावसात.

भावजींना मी हे कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"गवंड्याचा एकवीसवा दिवस चाळिसावा असतो, कमलाक्षी. लग्नात व्याह्यांना काय दाखवणार, भिंतीला पडलेलं भगदाड? लग्न होऊन जाऊ दे."

"लग्न झाल्यावर पाऊस, भावजी."

"मग कौल घेऊया. घराला छिन्नी लागते, ग्रामदेवाला विचारल्याशिवाय कशी लागेल?"

ह्याला मी नाही म्हटलं नाही. आमच्याकडे असंच करतात. देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न सांगायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ह्यांना सोडून मला जाता आलं नाही. भावजी एकटे गेले आणि तिथून फोन केला, "डावी पडली. खिडकीचं पुढच्या वर्षी बघू."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी दिवा लावला आणि देवाकडे बघत उभी राहिले. काही मागितलं नाही. मग मंगेशला फोन करून सांगितलं, तारीख तीच ठेव.

आणि आज तारीख उजाडली तर हरी पायरीवर.

मी शेजारच्या सुशीलाला हाक मारून ह्यांच्यापाशी बसवलं. डोक्यावरून पदर घेतला, एक नारळ घेतला आणि बाहेर आले.

"हरी, मंगेश, चला. देवळात जाऊ."

"कौल घ्यायला?" हरीने विचारलं.

"चल तर खरा."

देवळात नैवेद्याची तयारी चालली होती. भावजी तिथेच होते, ते देवस्थानाचे महाजन, कारभार बघणारे. आणखी दोघे-तिघे मंडपात बसून लग्नाच्या पत्रिकेवर बोलत होते. मला बघून भावजी उठले.

"गोकूला कोणाकडे ठेवलंस?"

"ह्यांच्यापाशी सुशीला आहे."

भटजींच्या हातात मी नारळ दिला. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "गाऱ्हाणं काय घालू, वयनी?"

"आज तुम्ही नको. मी घालते."

भावजी म्हणाले, "बायकांनी घालायची रीत नाही आपल्याकडे."

"काच पडण्याची तरी कुठे होती?" मी म्हटलं.

मंडपातली मंडळी माझ्याकडे वळली. माझा आवाज लहान. पाच माणसांतसुद्धा मी कधी बोलत नाही. तरी मी हात जोडले आणि ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलले.

"बा देवा, तुझ्यापुढे रोज दिवा लागतो, तो मी लावते. सोमवार धरते, संकष्टी धरते, आणि मरेपर्यंत धरणार. तू डावी पाकळी दिलीस असं मला सांगितलं. असेल. पण आज त्या भिंतीला छिन्नी लागणार. मी विचारायला आले नाही, सांगायला आले. ह्यात तुझा राग झाला तर तो माझ्या माथ्यावर घाल. हरीच्या पोरांवर नको, मंगेशवर नको. आणि खाटेवरच्या माणसाकडे तर बघूसुद्धा नको. त्याने पुष्कळ सोसलं."

भटजींनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. एकदा भावजींकडे पाहिलं आणि खाली बघून म्हणाले,

"वयनी, तुम्ही हे माथ्यावर कशाला घेता? त्या दिवशी प्रश्न 'लग्न झाल्यावर काम लावू का' असा होता. डावी पडली ती त्याला. लग्नाआधीचं कोणी विचारलंच नाही."

मी भावजींकडे वळले. ते उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते.

"तेच ते झालं मगो," ते म्हणाले. "काम म्हणजे काम."

"तेच नाही, भावजी. देव नको म्हणाला ते तुमच्या तारखेला."

मंडपातला एक म्हातारा महाजन खाकरला. तो खाकरण्यासारखा आवाज हसण्याचा होता हे सगळ्यांना कळलं.

भटजी लगबगीने म्हणाले, "आता लावूया का पाकळी? लग्नाआधी म्हणून विचारतो. दोन मिनिटांचं काम."

भावजींनी मान डोलावली. हरी पुढे सरकला. मलाही क्षणभर वाटलं, लावू दे. उजवी पडेल आणि मी मिरवत घरी जाईन. पण डावी पडली तर मी काय करणार होते? छिन्नीच लावणार होते. मग विचारायचं कशाला?

"नको," मी म्हटलं. "नारळ वाढवा तेवढा."

भटजींनी नारळ फोडला. अर्धी वाटी मी हरीच्या हातात ठेवली. त्याने ती कपाळाला लावली.

"तू येतोस का नाही, तूच सांग," मी म्हटलं. "तू नाही म्हणालास तर छिन्नी मी धरीन. वाकडी लागेल, पण लागेल."

"राहू दे वैनी," हरी म्हणाला. "भिंत पाडून ठेवशीला सगळी." आणि तो देवळाच्या पायऱ्या उतरायलाही लागला.

भावजी माझ्या मागून चपला घालत आले. "लग्नात त्या भगदाडावर प्लास्टिक फडफडलं तर व्याह्यांना मी काय सांगू?"

"सांगा की आत तुमचा भाऊ निजलाय."

दुपारी मात्र ते घरी आले, ह्यांच्या खोलीच्या दारात उभे राहून धुळीतून बघत राहिले, आणि हरीला म्हणाले, "पट्ट्यात लोखंड नीट घाल. कंजूषपणा नको." मोठ्या माणसांचं माफी मागणं असंच असतं. मी चहा दिला.

पट्ट्याला एकवीस दिवस पाणी मीच मारलं, सकाळ-संध्याकाळ, तुळशीला घालते तसं. शिगम्यात हरी गावी गेला आणि दोन दिवस उशिरा आला. काच पंचवीस एप्रिलला यायची ती तीस एप्रिलला आली. लग्नाला खिडकीभोवतीचा रंग ओला होता आणि निहारच्या एका मामेसासऱ्याच्या सदऱ्याला तो लागला. त्याचं भावजी अजून मला ऐकवतात.

लग्नाला नऊ दिवस झाले होते. दुपारपासून वारा फिरला. मी पाटावर होते, एकसष्टावा मणी बोटात होता.

"अगो," हे म्हणाले. "लाव."

खिडकी अर्धी उघडी होती. मी माळ खाली ठेवली आणि उठले. कडी ओढून वरची-खालची दोन्ही कुलपं फिरवली. माड बाहेर वाकत होते, पण त्यांचा आवाज आत येत नव्हता. मी ह्यांच्या खाटेवर कडेला बसले, कपाळावरचे केस मागे सारले आणि वारा पडेपर्यंत तिथेच बसून राहिले.

उरलेले सत्तेचाळीस मणी मी संध्याकाळी पुरे केले.