बाहेर साचलेला बर्फ

मी दक्षिण चिलीतल्या कोयाइके गावातल्या एका लाकडी घराच्या खिडकीची काच. एकटी नव्हे, दोन काचांची जोड. मध्ये बंद पोकळी, आणि आतल्या काचेवर चांदीचा इतका पातळ थर, की डोळ्यांना दिसतच नाही. घरातली ऊब बाहेर पडू लागली की तिला आल्या पावली परत पाठवायची, एवढंच माझं काम. पण ते मला कुणी नीट करू देईल तर ना! जन्म भट्टीतला, त्यामुळे स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही.

मला बसवायला निबाल्दो आला होता. त्याने लायटर पेटवून समोर धरला. माझ्या दोन काचांच्या चार बाजूंवर चार ज्योती उमटल्या, त्यातली एक लालसर.

"ही लाल दिसते ना, तोच थर. घराच्या बाजूला आलाय, बरोबर बसलीय," तो म्हणाला. "आणि काका, थंडीत हिच्यावर बाहेरून बर्फ धरेल. घाबरू नका. ऊब आतच राहते, म्हणून हिचं बाहेरचं अंग गार पडतं."

पण घराचे मालक, म्हातारे बेलार्मीनोकाका त्याला माते चहा पाजण्याच्या गडबडीत. ऐकतंय कोण!

काकांचा जन्मभराचा नियम एकच, खिडकीवर बर्फ दिसला की चूल भरायची. जुन्या एकेरी काचेला तो लागूही होता, तिच्यावर बर्फ आतून धरायचा. आमच्याकडे हिवाळा जूनमध्ये येतो; त्यातल्या पहिल्या गोठलेल्या सकाळी माझ्या बाहेर बर्फाची साय धरली, आणि काकांनी लोखंडी चुलीत ओंडक्यांवर ओंडके कोंबले.

"नवी काच म्हणे! जुनीपेक्षा जास्त गोठते."

"अरे म्हाताऱ्या, मला भाजून खायचा बेत आहे का?" त्यांची बायको ओतिलिया म्हणाली.

घामाघूम होऊन काकांनी मला सताड उघडलं. वारा पडलेला, साऱ्या गावाच्या चुलींचा धूर दरीत कोंडलेला. तो थेट घरात शिरला. ओतिलियाची छाती आधीच अधू, ती खोकून खोकून वाकली. मी बिजागरीवर लटकत नुसती बघत राहिले. हे रोजचंच झालं. माझा जीव नुसता तळमळायचा.

ऑगस्टमध्ये तिला दवाखान्यात न्यावं लागलं. घरी पाठवताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पुन्हा असा धूर छातीत गेला तर आमच्या हातात काही राहणार नाही."

दुसऱ्याच दिवशी काका पुन्हा ओंडका घेऊन चुलीपाशी. ओतिलिया भिंत धरत आली आणि त्यांचा हात तिने माझ्यावर दाबला.

"आतून बघ. गार लागते?"

"नाही गं. मग हा बर्फ?"

"बाहेर आहे, वेड्या. खरवडून बघ."

त्यांनी खरवडलं. नखाला काहीच लागलं नाही. ते ओंडका तसाच धरून ओतिलियाकडे वळले.

"म्हणजे इतके दिवस मीच तुला..."

"गप. आधी ते लाकूड खाली ठेव."

पण हाडीमाशी खिळलेली सवय अशी सुटते का? रोज उजाडलं की माझं सारं लक्ष काकांच्या हाताकडे. बाबांनो, तुमच्या घरी माझी बहीण असेल, तर नुसतं तिच्याकडे बघून चूल पेटवू नका. आधी तिला हात लावा.

आज सकाळीही काकांनी सवयीने ओंडका उचललाच.

"हात लाव आधी... म्हाताऱ्या!" ओतिलिया अंथरुणातून ओरडली. तेवढ्यासाठीसुद्धा तिला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला.

मला वाचा असती, तर मीच ओरडले असते. तिचा तेवढा श्वास वाचला असता.