कडेला जाड

उत्कर्षाने सासूच्या मनगटावरचा पट्टा ओढून बसवला आणि एकेका बोटात कातडी कडी सरकवली. हाताच्या पाठीवरच्या स्प्रिंगा ताणल्या गेल्या, तशी मुठीत वळलेली बोटं सावकाश उघडली.

"घट्ट झालं का, आई?"

"होऊ दे. परात आण."

उत्कर्षा थबकली. "थेरपिस्ट मॅडमनी चेंडू धरायचा-सोडायचा, एवढंच सांगितलंय."

"चेंडू काय तव्यावर टाकायचाय?" शरणम्मा म्हणाल्या.

पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. हे साधन मिळाल्यावर तो जरा हलू लागला आणि घरादाराकडून त्यांचं कौतुक सुरू झालं. पेला उचलला, वा! कंगवा धरला, वा! शेजारच्या अजीजाभाभी तर टाळ्या वाजवून गेल्या. एरवी तोंडाने फटकळ असलेले ईश्वरप्पाही बायकोशी लहान पोराशी बोलावं तसं गोड बोलू लागले. शरणम्मा हसायच्या आणि मग भिंतीकडे तोंड करून पडायच्या. शुक्रवार पेठेतल्या निम्म्या गल्लीला त्यांनी भाकरी थापायला शिकवली होती.

परात आली. उत्कर्षाने पीठ मळून गोळा दिला. डाव्या हाताने भाकरी फिरवायची, उजव्या तळव्याने नुसतं थापटायचं, असं शरणम्मांनी जमवलं. खांद्यापासून जोर लावावा लागत होता. पहिली दुभंगली. दुसरी परातीलाच चिकटली. सून मदतीला वाकली, तशी त्यांनी मान हलवली. तिसरी तव्यापर्यंत पोचली.

दुपारी ईश्वरप्पा जेवायला बसले. पहिल्याच घासाला त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"उत्कर्षा, कडंला जाड ऱ्हायली की ही. कच्ची लागतीय."

"हो मामा, उद्या नीट करते." उत्कर्षा खाली बघत म्हणाली.

"तिची न्हाय," शरणम्मा म्हणाल्या. "माझी हाय ती."

ईश्वरप्पांचा हात थांबला. त्यांनी बायकोच्या बोटांवर वाळलेलं पीठ पाहिलं. आता 'वा' येणार, म्हणून शरणम्मांनी नजर दुसरीकडे वळवली.

ईश्वरप्पांनी तुकडा पुन्हा चावून बघितला.

"मग तर तुला कळाय पायजे हुतं. जाळ कमी करायचा की."

"जाळाला काय झालंय? पीठच जाडंभरडं आणलंय तुमी!" शरणम्मांचा आवाज चढला.

"मी व्हय? गिरणीवाल्याला इच्यार जा."

"जाते की," शरणम्मा म्हणाल्या. "उद्या मीच जाते."