हिवाळ्याखालची मोरी

बातसुखने घराच्या पायापासून चुन्याची रेघ ओढायला घेतली, तो थेट कुंपणाच्या फाटकापाशीच जाऊन थांबला. मग कमरेवर हात ठेवून त्याने आपल्याच रेघेकडे असं पाहिलं, जणू काही रेल्वेचा मार्ग आखलाय.

"ही मोरीची वाट," तो म्हणाला. "सांडपाणी स्वयंपाकघरातून निघणार आणि फाटकाजवळच्या खड्ड्यात पडणार. घाण घरापासून जितकी लांब, तितकी बरी."

अनुजिन त्या रेघेवरून एकेक पाऊल टाकत, दोरीवर चालल्यासारखी फाटकापर्यंत गेली आणि तिथून ओरडली, "बाबा, एवढं चालून पाण्याला दम लागेल. वाटेत बसेल ते. आणि हिवाळ्यात एकदा बसलं की उठत नाही."

"आल्या इंजिनीअरबाई," गांझोरिग मामा म्हणाला. तो कुदळ घेऊन मदतीला आला होता आणि आल्यापासून कुदळीपेक्षा त्याचं तोंडच जास्त चाललं होतं. "दाजी, तुम्ही उगाच चुना वाया घालवता. आधी हिची परवानगी घ्यायची."

मामा चेष्टेने म्हणाला खरा, पण त्यात तथ्य होतं. अनुजिनचा भाव त्या वसंतात चांगलाच वधारला होता, आणि त्याला कारण होती धुराची भिंत. चुलीचा धूर सरळ धुराड्यात न सोडता विटांच्या भिंतीच्या पोटातून वर-खाली, वर-खाली फिरवायचा. धूर दमून बाहेर पडेपर्यंत भिंत तापते आणि मग ती रात्रभर घर ऊबदार ठेवते. धुराने कुठून वर चढायचं, कुठून उतरायचं हे अनुजिनने कुंपणाच्या फळ्यांवर खडूने काढून दाखवलं होतं. चूल मधोमध, ते अजून राहत होते त्या गोल तंबूत, गेरमध्ये, असते तशीच. तिथून भिंत निघून दाराजवळच्या पूर्वेच्या कोपऱ्यात धुराड्याला मिळते. बातसुख ते चित्र बघत किती तरी वेळ उभा राहिला होता आणि शेवटी एवढंच म्हणाला होता, "बरं काढलंयस." जो माणूस नऊ महिन्यांत एकदा कौतुक करतो, त्याचं 'बरं' म्हणजे पदकच. तेव्हापासून अनुजिन जरा टाचा उंचावूनच चालत होती.

पण मोरीचं प्रकरण नुसत्या हुशारीचं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात आई, उयांगा, सांडपाण्याची बादली घेऊन गेरबाहेर पडली आणि फाटकाजवळच्या बर्फावर घसरली. तिथलं बर्फ आकाशातून पडलेलं नव्हतंच. ते त्यांचंच सांडपाणी होतं. रोज ओतून ओतून त्याचा राखाडी, गुळगुळीत डोंगर झाला होता. आईचं मनगट मोडलं. आई देल शिवते, आख्ख्या वस्तीचे सणाचे झगे तिच्या हातून जातात. त्या वर्षी नव्या वर्षाला अर्ध्या वस्तीने जुनेच झगे घातले. मनगट जुळलं, पण थंडीत अजून ठणकतं. ती बातसुखला एकदाच म्हणाली होती, "अहो, घर लहान बांधा, वाकडं बांधा, मला चालेल. पण पुढच्या हिवाळ्यात मी बादली घेऊन बाहेर जाणार नाही." आणि मोरी एकदाच होणार होती. कोबा घातला की संपलं. मग जे चुकलं ते कोब्याखाली गाडलं जाणार.

मामाने फाटकाजवळ खणायला सुरुवात केली. वरची माती भुसभुशीत होती, मामा गाणं म्हणत कमरेइतका खाली गेला. मग कुदळ टणकन वाजली आणि गाणं थांबलं.

"दगड?" बातसुखने विचारलं.

"दगड कसला. हिवाळा लागला."

उन्हाळा ऐन भरात होता, वर टेकडीवर पोरं अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून फिरत होती. आणि खाली गेल्या वर्षीची थंडी जशीच्या तशी बसलेली. त्यांची जागा टेकडीच्या सावलीच्या अंगाला, तिथे थंडीला बाहेर निघायची घाईच नसते. मग नेहमीचा उपाय केला: खड्ड्यात गोवऱ्या पेटवल्या, वर पत्रा टाकला, माती वितळली की खणायची, पुन्हा पेटवायच्या. मामा काजळीने काळा होऊन वर आला की आई म्हणायची, "दादा, तुझ्यापेक्षा ते धुराडं गोरं दिसेल." असे किती तरी दिवस गेले. मग एका दुपारी कुदळीचा आवाज बदलला. टण टण नाही, खच्.

अनुजिन शिडीवरून खाली उतरली. आणि तिला ते दिसलं. भिंतीत वर कोरडी माती, मध्ये उंचपुऱ्या माणसाहून जाड असा चकाकणारा गोठलेला थर, आणि तिच्या पायांखाली मऊ, ओलसर, काळी माती. हात लावला तर गार, पण गोठलेली नाही.

"मामा, हिवाळ्याला तळ आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"तळ. इथे संपतो तो. याच्या खाली तो कधी उतरतच नाही." ती वर बघत हसत सुटली. "आपण पाण्याला लांब पाठवतोय. लांब नाही, खोल पाठवायचं."

"आता हे तुझ्या बापाला मी सांगायचं का?"

"नाही, मीच सांगते."

गेरमध्ये आईने मिठाचा दुधाळ चहा ओतला. लुव्सान आबा, बातसुखचे वडील, मानाच्या जागी मांडी घालून बसले होते आणि आरूलचा, वाळवलेल्या दह्याचा, खडा गालात धरून चघळत होते. अनुजिनने चहाला हातही लावला नाही.

"फाटकापर्यंत पाइप नेला तर तो सगळा गोठलेल्या थरातून जाणार," ती म्हणाली. "वाटेत पाणी कुठेतरी थबकणारच. त्यापेक्षा खड्डा घराला लागून करू. दाराच्या पूर्वेला, पडवीच्या आत. पाइप घरातून निघाला की दोन हातांत खड्ड्यात. खड्डा हिवाळ्याच्या तळाखाली जाईल, पाणी तिथल्या मऊ मातीत जिरेल."

बातसुखने वाटी खाली ठेवली. "घाण दारात ठेवायची म्हणतेस. आम्ही कुरणावर असताना घाण पाणी टेकडीपलीकडे नेऊन टाकायचो. आजोबापणजोबांपासून."

"तेव्हा टेकडीपलीकडे टाकून तुम्ही पुढच्या कुरणावर निघून जायचात, बाबा. आता आपण निघून जाणार आहोत का?"

मामाने चहाच्या वाटीत तोंड लपवलं. आई चुलीत गोवरी सरकवत म्हणाली, "बरोबर बोलतेय ती."

"आणि पाइप धुराच्या भिंतीला चिकटून खाली नेऊ," अनुजिन भराभर म्हणाली, कारण थांबलं तर बाबा बोलतील हे तिला ठाऊक होतं. "धुराड्याच्या कोपऱ्यातून. भिंतीची ऊब पाइपाला मिळेल."

यावर आबांचं चघळणं थांबलं. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पोरी," आबा म्हणाले, "अग्नीजवळ उष्टं पाणी नेत नाहीत. अग्नीत आपण केस टाकत नाही, थुंकत नाही, त्याच्याकडे पाय करत नाही. आणि तू त्याच्या अंगाला मोरी लावतेस."

हे अनुजिनच्या डोक्यातच आलं नव्हतं. बातसुखने 'बघ' अशा अर्थाने भुवया उंचावल्या. आबांपुढे या घरात हिशेब चालत नाहीत. आबा नाही म्हणाले तर नाही. तिने चुलीकडे पाहिलं, मग चुलीतून वर, गेरच्या छपरातून बाहेर गेलेल्या नळकांड्याकडे.

"आबा," ती सावकाश म्हणाली, "चूल मध्येच आहे. भिंतीच्या या टोकाला. पाइप त्या टोकाला आहे, धुराड्यापाशी. तिथे अग्नी नाही, नुसता धूर आहे."

"मग?"

"मग धूर तर घराबाहेरच चाललाय. सांडपाणीही बाहेरच चाललंय. दोघे जाता जाता सोबत गेले तर अग्नीला काय वाटेल?"

आबा पुन्हा चघळू लागले. आरूल या गालातून त्या गालात गेलं. शेवटी त्यांनी वाटीत बोट बुडवून चहाचे चार थेंब चुलीच्या दिशेने शिंपडले, जणू तिलाच विचारलं.

"गेरमध्येही उष्ट्याची बादली दाराशी पूर्वेलाच असते," ते म्हणाले. "जागा चुकलेली नाही. धुराला सोबत हवी तर असू दे."

"आबा, तुम्हीसुद्धा?" बातसुख म्हणाला.

"मी काय करू? पोरगी बोलते तुझ्या आईसारखी. मी तिच्याशीही कधी जिंकलो नाही."

आई उठली, बाहेर गेली आणि चुन्याच्या रेघेवर पायाने माती लोटून आली. आत येऊन म्हणाली, "बादली मी उचलते. मोरी माझी. पडवीतच होईल."

मामा मात्र पुढचे कित्येक दिवस कुरकुरत होता, कारण दुसरा खड्डा त्यालाच खणायचा होता. "हिवाळ्याचा तळ हिला दिसला," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आणि कंबर माझी गेली."

पानगळीच्या आधी छप्पर चढलं. खड्ड्याला लाकडाचं दुहेरी झाकण, मध्ये जुन्या गेरचा नमदा. धुराची भिंत पहिल्यांदा पेटवली तेव्हा सगळा धूर उलटा घरात आला, आणि आबांपासून सगळे खोकत, डोळे पुसत अंगणात धावले. मामा म्हणाला, "भिंत छान झालीय, आता आपण बाहेर राहू." मग ओल्या विटा सुकल्या, धुराड्याने एक दीर्घ श्वास घेतला आणि धूर शहाण्यासारखा आपल्या वाटेने जाऊ लागला. संध्याकाळी आईने भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटून म्हणाली, "मला इथून हलवू नका."

हिवाळा सुरू झाला. मोरीत पाणी ओतलं की ते गडगडत खाली जायचं, आणि तो आवाज ऐकला की अनुजिनला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटायचं. शेजारीपाजारी, कुंपणापलीकडे, राखाडी बर्फाचे डोंगर पुन्हा वाढू लागले. अनुजिनच्या घराच्या कुंपणात एकही नव्हता.

हिवाळ्याच्या नऊ नव्यांपैकी, म्हणजे नऊ-नऊ दिवसांच्या टप्प्यांपैकी, तिसरं नवं लागलं, ज्यात बैलाची शिंगंही गोठतात म्हणे, तेव्हा सगळे मामाच्या घरी मुक्कामाला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले तर चूल विझलेली, घर गार. मामाही सोबत आला होता. आईने आल्याआल्या मटणाची भांडी घासायला घेतली, बेसिनमध्ये पाणी ओतलं, आणि ते तिथेच राहिलं. हललंही नाही.

सगळे बघत उभे राहिले. आईने नकळत दुखऱ्या मनगटावर हात ठेवला.

"गोठलं," बातसुख म्हणाला. आवाजात विजय नव्हता, उलट तो थकलेला वाटला. त्याने पडवीतून पहार आणली. "कोबा फोडावा लागेल."

क्षणभर अनुजिनला वाटलं, कुठेतरी पळून जावं. मग तिची नजर स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या पिंपावर गेली. तिने झाकण काढलं. आत हात घातला.

"बाबा, पहार ठेवा. पिंपातलं पाणी पाणीच आहे. उघड्या पिंपात गोठलं नाही, ते पाइपात कसं गोठेल?"

ती पडवीत धावली, खड्ड्याचं झाकण उचललं, आत विजेरीचा झोत मारला. पाइपाचं तोंड कोरडं आणि मोकळं. खाली तळाशी काळं पाणी चमकलं. बर्फाचा कणही नाही.

"अडकलंय ते वरच्या वळणावर," ती परत येऊन म्हणाली. मग बेसिनमधल्या पाण्याकडे वाकून पाहिलं. वर पांढरट चकत्या तरंगत होत्या. ती हसायला लागली. "आई, परवा तू मटण भरलेले बूझ उकडलेस, ते पाणी कुठे ओतलंस?"

"इथेच. का?"

"चरबी आहे ती. मेंढीची. ऊब होती तोवर वाहत गेली, भिंत गार झाली तशी थिजली. थंडी नाही शिरली पाइपात, मेंढी शिरलीय."

मामा भिंतीला टेकून खाली बसला, हसून हसून त्याला बोलता येईना.

"चूल पेटवा," अनुजिन म्हणाली. "बाकी काही करायचं नाही. भिंत तापू द्या."

आबांनी स्वतः चूल पेटवली. सगळे बेसिनभोवती बसले, लग्नाची बोलणी चालल्यासारखे गंभीर. भिंत आधी कोमट झाली, मग हात ठेवावासा वाटेल इतकी गरम. बातसुखचा हात अजून पहारेवरच होता. मग बेसिनच्या मधोमध एक छोटा भोवरा दिसला. पाइप ढेकर दिल्यासारखा बोलला, आणि सगळं पाणी गडगडत, घोगऱ्या आवाजात, खाली हिवाळ्याच्या तळाखाली निघून गेलं.

बातसुखने पहार दाराआड ठेवली, अनुजिनजवळ आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे घर मी बांधलं. पण वसवलंस तू."

आईने मात्र वेळ दवडला नाही. मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं, केसांच्या दोन्ही वेण्या सोडल्या आणि भर तिसऱ्या नव्यात, दार बंद, भिंत तापलेली, घरात उभं राहून भरपूर पाण्याने केस धुतले. अनुजिन तांब्याने पाणी घालत होती. बाहेर झाडांच्या फांद्या थंडीने कडकडत होत्या. आई डोळे मिटून म्हणत होती, "अजून घाल गं. अजून."

तिने केस पिळले आणि मागे वळून पाहिलं, तर आबा टोपी काढून, खांद्यावर टॉवेल टाकून ओळीत उभे होते.

"मामाच्या आधी माझा नंबर," ते म्हणाले. "त्याचे केस धुतले तर पाइप पुन्हा तुंबेल."