उभा बसवलेला चंद्र

माझ्या लाकडी दस्त्यावर चांदी-पितळेचे अकरा तुकडे जडवलेले आहेत. त्यांपैकी दहा कधीच जागचे हलले नाहीत. अकरावा, नेम धरताना गाल टेकतो त्या बाजूचा, कोरीच्या आकाराचा चांदीचा चंद्र, नाताळाच्या सुमारास एका टोकाने वर येई आणि मे महिन्यात, कुणीही हात न लावता, पुन्हा खाली बसे.

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे, मित्रांनो. पेनसिल्व्हेनियातल्या एका खोऱ्यात योस्त केम्परर या कारागिराने मला घडवले. स्वस्थ बसणे माझ्या नशिबी कधी आलेच नाही. अंगात सतत काहीतरी ताणले जाई किंवा सैल होई. का, ते मला तेव्हा सांगता आले नसते.

ऑगस्ट महिना होता. नळी, चाप आणि ठासणी बसवून झाली होती. फक्त जडावाचे काम उरले होते. योस्तने तुकड्यांचे कागदी नमुने कापले, दस्त्यावर ठेवले, लांबून पाहिले, बोटभर सरकवले, पुन्हा पाहिले. ज्याच्यासाठी मी घडत होते, तो शेतकरी कास्पर ड्रायबाख शेजारी उभा होता. त्याने चंद्राचा कागद अंगठ्याने फिरवला.

"काका, आडवा चंद्र होडीसारखा दिसतो. शिंगं वर-खाली करा. आमच्या कोठाराच्या दारावर आहे, तसा उभा."

"उभा तर उभा. गालावर तुझ्या टेकणार, माझ्या नाही."

योस्तने चांदीच्या कडा कानशीने किंचित तिरक्या केल्या, तुकडा लाकडावर दाबून धरला आणि सुईने त्याची कड आखली. मग आखलेल्या रेषेवर पटाशी उभी धरून लाकूड कापले. चंद्राच्या पाठीला काजळी लावून तो खाचेत टेकवला, उचलला. जिथे काळे लागले, तिथले लाकूड खरवडले. असे सत्तावीस वेळा केले. शेवटी सगळा तळ सारखा काळा उमटला. दोन्ही शिंगांत चांदीचा एकेक खिळा ठोकून त्याने कडा लाकडासारख्या सपाट केल्या.

त्या सप्टेंबरच्या जत्रेत लोक डोळे मिटून माझ्यावर बोट फिरवत.

"सांधा कुठाय?" एक जण म्हणाला. "अरे, यात केससुद्धा शिरायचा नाही!"

योस्तने त्या दिवशी टोपी जरा तिरकी घातली.

घरी कास्परने मला लोखंडी शेगडीच्या वरच्या तुळईवर टांगले. बर्फ पडू लागला, शेगडी दिवसभर धगधगू लागली आणि माझ्या अंगातला ताण वाढत गेला. डिसेंबरच्या शेवटी चंद्राचे वरचे शिंग खाचेतून बाहेर आले. कास्पर नेम धरी, गाल टेकवी आणि चाप ओढण्याच्या क्षणी टोक बोचून नकळत गाल उचली. गोळी हातभर वर जाई. त्या हिवाळ्यात एकही हरीण पडले नाही. उन्हाळ्यात मात्र पळती खार सुटत नसे. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा तेच घडले.

डोंगरापलीकडे मंत्र घालणारा एक म्हातारा होता. त्याने कास्परला सांगितले: बंदूक चेटकाने बांधलेली आहे, यापुढे तुझ्या दारी जी बाई पहिल्यांदा काही उसने मागायला येईल, तिनेच ती बांधली असे समज.

तिसऱ्या दिवशी अपोलोनिया वायरिख वाटीभर मीठ मागायला आली. ती शेजारची विधवा. सगळे तिला पोलोनीमावशी म्हणत. तिची लाकडे दर हिवाळ्यात कास्परच फोडून देई. त्याने दार अर्धेच उघडले.

"मीठ नाही."

"परवाच पोतं आणलंस ना रे? अख्खं चाटलंस की काय?"

दार बंद झाले. आठवड्याभरात इतरांचीही दारे बंद झाली. जानेवारीत तिच्या अंगणातला फोडलेल्या लाकडांचा ढीग गुडघ्याएवढा उरला. मी तुळईवरून, खिडकीतून सगळे पाहत होते, आणि चंद्राचे शिंग माझ्यातच उभे होते.

म्हाताऱ्याचा उपाय ठरलेला होता: तिचे चित्र कोळशाने कोठाराच्या दारावर काढायचे आणि त्यावर चांदीची गोळी झाडायची. जिथे गोळी लागेल, तिथे तिचे अंग निकामी होईल. चांदी माझ्याच चंद्राची घ्यायची होती. तो काढून घ्यायला कास्पर मला योस्तकडे घेऊन गेला.

"हा ओरखडा बघा काका, गालावर. चेटकिणीचं नख!"

योस्तने आधी गाल पाहिला, मग खिळे उपसून चंद्र बाहेर काढला. तो पुन्हा खाचेत टेकवला. बसेना.

"खाच मी कापलीय," तो हळू म्हणाला. "ती लहान कशी झाली?"

त्याने जुना कागदी नमुना शोधून चांदीवर ठेवला. चांदी तेवढीच होती. खाच बंदुकीच्या लांबीच्या दिशेने तशीच होती. फक्त उभ्या अंगाने, शिंगापासून शिंगापर्यंत, आखूड झाली होती. दोन्ही टोकांना लाकडाचे तंतू चिरडलेले होते.

"म्हणजे तिनं लाकूड आखडवलं!" कास्पर म्हणाला.

"बरं. मग बंदूक दहा दिवस इथं ठेव. झऱ्यावरच्या दुधाच्या खोलीत. किल्ली माझ्या खिशात राहील. बघू, मावशी कुलपातून येते का."

"आणि तोवर गोळी?"

"चांदी माझ्याकडे आहे. गोळी काय तुझ्या दाताची ओततोस?"

ती खोली थंड आणि ओलसर होती. माझ्या उघड्या खाचेतले लाकूड हळूहळू पसरत गेले. अकराव्या दिवशी योस्तने कास्परच्या हातात चंद्र दिला. त्याने तो खाचेवर ठेवला आणि अंगठ्याने नुसता टेकवला. चंद्र आत गेला.

कास्परने गालावरच्या ओरखड्यावरून हात फिरवला, योस्तची कुऱ्हाड मागून घेतली आणि मला तिथेच ठेवून पोलोनीच्या वाटेने गेला. तिने त्याला घरात घेतले नाही. लाकडे मात्र फोडू दिली.

योस्तने खाचेची दोन्ही टोके कागदाच्या जाडीएवढी वाढवली, फटीत मेण भरले आणि खिळा एकाच शिंगाला ठोकला. मग एक चिठ्ठी लिहून माझ्या दस्त्यातल्या पितळी झाकणाच्या कप्प्यात ठेवली. मित्रांनो, त्यानंतर माझे अनेक मालक झाले आणि प्रत्येकाने ती वाचली. मजकूर असा आहे:

"ही बंदूक शेगडीवर टांगू नये. कोरड्या हवेत लाकूड, त्याच्या लांबीने धावणाऱ्या तंतूंच्या रेषांच्या आडव्या अंगाने आखडते, लांबीला जवळजवळ नाही. चांदी आखडत नाही. बाकीचे तुकडे लहान आहेत किंवा रेषांच्या दिशेने बसवले आहेत. चंद्र रेषांना आडवा होता. मी त्याला फट ठेवली नव्हती आणि दोन्ही शिंगे खिळ्यांनी बांधली होती. म्हणून तो हिवाळ्यात उचलला जाई आणि नेम चुके. चूक माझी. अपोलोनिया वायरिख हिचा यात काहीही संबंध नाही. योस्त केम्परर."