घेणेकऱ्यांना फराळ

“हे कुणाच्या पैशानं?” बुडापेस्टहून आलेल्या बँकेच्या साहेबानं ताटलीकडे बोट दाखवत विचारलं.

एटेल्का कानापर्यंत लाल झाली. हातमोज्यांच्या या कारखान्यात बैठक म्हटली की चीज घातलेल्या छोट्या गरम खाऱ्या पावांच्या पोगाच्या आणि घोटभर पालिंका दारू, हे कम्युनिस्ट पक्षाच्या राज्यातही कधी चुकलं नव्हतं. ती मॅनेजर झाल्यावरही नाही. आज येणारे घेणेकरी आहेत, त्यांच्यापुढे खाणं मांडू नये, हे तिला सुचलंच नाही.

“माझ्या घरच्या पिठाच्या आहेत,” ती म्हणाली. तरी कुणी हात लावला नाही.

मॉस्कोची मागणी बंद पडल्यापासून पैसा अडला होता. पूर्वी सरकार असा कारखाना मरू देत नसे. नव्या कायद्यात मात्र देणं तीन महिने थकलं की मॅनेजरनं आपणहून कोर्टात जाऊन दिवाळं जाहीर करायचं. मग एकूण एक घेणेकऱ्यानं मुदत दिली तरच कारखाना जगायचा. एकानं जरी नाही म्हटलं, तरी कुलूप.

मुदत द्यायला बँकेनं हात वर केला. गॅसवाल्यांनी केला, दोरेवाल्यानंही. कातडं पुरवणाऱ्या देझोचे हात मांडीवरच राहिले. हा तिच्या धाकटीचा धर्मपिता; दर नाताळला तिच्याच टेबलाशी जेवणारा.

“देझो, अरे, कर की वर,” ती हलकेच म्हणाली. “झोपलास काय?”

“झोप कुठली. गेल्या आठवड्यात माझ्याही दाराला कुलूप लागलं.”

“मॉस्कोनं बुडवलं रे आपल्याला.”

“मॉस्कोचं सोड. हिवाळ्यात तुझ्याकडे थोडे पैसे आले होते ना? ते कुणाला दिलेस?”

बँकेला दिले होते, गॅसवाल्यांना दिले होते. ते ओरडत होते. देझो काय, घरचा माणूस, थांबेल.

“मी ओरडलो नाही, तेच चुकलं,” देझो म्हणाला. “मला नुसतं सांगितलं असतंस ना एटेल्का, तरी थांबलो असतो.”

हात वर न करताच त्यानं टोपी उचलली. “पोरीला माझा आशीर्वाद सांग.”

शेजारच्या दालनात बायका शिवत होत्या. ती आत आली तशी एकेक मशीन थांबलं.

“काय गं, जगलो का मेलो?” म्हाताऱ्या मार्गितनं विचारलं.

“मेलो. आणि मॉस्कोमुळं नाही गं. माझ्यामुळं.”

मार्गितच्या पुढ्यात डाव्या हातमोज्यांचा ढीग होता. उजवे अजून शिवायचे होते. एटेल्कानं कोट काढला, बाह्या सारल्या आणि बऱ्याच वर्षांनी मशीनपुढे बसून एक अंगठा जोडायला घेतला.